वीस फूट अपूर्ण

जिथून निघालो तिथेच परत यायचं असतं, हे सत्य उमगायला थोरामोठ्यांना जन्म पुरला नाही. पेनसिल्व्हेनियातल्या टॅमरॅक सरकारी जंगलाच्या वर्तुळवाट मंडळाने ते दीड ओळीत बसवलं. नियम क्रमांक चार : 'ज्या खांबापासून सुरुवात केली, त्याच खांबाला हात लावल्यावाचून फेरी पूर्ण झाली असे समजले जाणार नाही.' मधले त्र्याऐंशी मैल मंडळाने चालणाऱ्याच्या सद्सद्विवेकबुद्धीवर सोपवले आहेत.

मंडळाचे सभासद नऊ, सरासरी वय चौऱ्याहत्तर, चालू स्थितीतले गुडघे अकरा (उरलेले सात विचाराधीन). फेरी पुरी करणाऱ्याला साळिंदराचं चित्र असलेला गोल कापडी बिल्ला मिळतो. तो दुकानात मिळत नाही, म्हणूनच त्याच्यासाठी शहाणी माणसं नऊ दिवस पाठीवर घर घेऊन हिंडतात.

व्हर्ना हॉस्टेटरच्या स्वयंपाकघरात दाराआड तिच्या नवऱ्याचं, एलवुडचं, जाकीट टांगलेलं होतं. डाव्या खिशावर बिल्ल्याएवढी जागा राखलेली. बत्तीस वर्षांपूर्वी एलवुड नवव्या दिवशी डोंगर उतरून आला, तेव्हा न्यायला आलेल्या व्हर्नाने गाडी सावली बघून लावली होती. खांबाच्या वीस फूट अलीकडे. मांडीवर गरम प्रेट्झेलं, पिळाचे खारे पाव. एलवुडला आधी वास आला, मग बायको दिसली. तो गाडीत बसला, खाल्लं आणि घरी पोचेपर्यंत घोरत राहिला.

"खांबाला हात लावलात?" मंडळाने विचारलं.

"नाही," एलवुड म्हणाला. (खोटं बोलायचं त्याला सुचलंच नाही. असे लोक मंडळाला फार सोयीचे पडतात.)

नोंद झाली : 'फेरी वीस फूट अपूर्ण.' एलवुड त्यावर उभ्या जन्मात व्हर्नाला एक शब्द बोलला नाही. त्या न बोललेल्या शब्दाचंच कुसळ तिला सलत राहिलं. गेल्या पानगळीत तो गेला आणि या जूनमध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, तिने त्याची पिशवी पाठीला लावली.

वाट तिला जात्यातल्या दाण्यासारखं फिरवत होती. चढ आला की एक गुडघा बोलायचा, उतार आला की दुसरा. नेच्यांच्या रानातून, ओढ्यावरच्या ओंडक्यावरून, झाडाझाडावरचा केशरी पट्टा पुढे बोलवायचा : ये बाई, ये. वाटेतल्या पत्र्याच्या पेटीत अभिप्रायाची वही होती. कोणीतरी लिहिलं होतं, 'चढ फार आहेत.' खाली मंडळाचा शेरा : 'चौकशी केली. खरे आहे.'

नवव्या दिवशी ती खाली उतरली, तर गाड्या लावायच्या जागी तळं. दातांनी झाडं पाडणाऱ्या बीव्हर प्राण्याने ओढ्यावर धरण घातलं होतं. काठाला घडीच्या खुर्चीवर मंडळाचा अध्यक्ष मर्ल ब्रुबेकर थर्मास घेऊन बसला होता.

"आलीस? नवा खांब बसवलाय. चारशे पावलं पूर्वेला. बुधवारी ठराव झाला."

"बुधवारी मी डोंगरावर होते, मर्ल."

"म्हणून तर एकमताने झाला."

"बरं, त्याला हात लावते."

"लाव की. पण तू तिथून कुठे निघाली होतीस? हात लावलास की नवी फेरी सुरू. तुझं एक बरंय, चालायची सवय झालीय."

"आणि जुना खांब?"

"बेपत्ता. अज्ञात इसमाने नेला, असं लिहिलंय."

तेवढ्यात अज्ञात इसम तोंडात फांदी धरून पाण्यातून वर आला आणि शेपटी आपटून कामाला लागला. व्हर्नाची नजर त्याच्यामागून गेली. धरणाच्या काड्याकुड्यांत, मधोमध, एक कुरतडलेला ओंडका आडवा पडला होता. त्याच्यावर जुन्या खांबाचा केशरी पट्टा. तिने पिशवी उतरवली आणि पाण्यात पाय घातला.

"अगं व्हर्ना, वेड लागलं का? कमरेएवढं पाणी आहे!"

"एलवुड बत्तीस वर्षं गप्प राहिला. तू पाच मिनिटं राहा."

तिने ओल्या लाकडावर तळवा टेकवला. खूप वेळ उचलला नाही. मर्लने नियमांची वही काढून चौथा नियम तीनदा वाचला. खांब उभा असावा, असं त्यात कुठेच नव्हतं.

"लावलास हात?" त्याने घसा खाकरून विचारलं.

"लावला. हे शेवटचे वीस फूट एलवुडच्या नावावर लिही."

"आणि तुझे?"

"माझं काय अडलंय?"

मंडळाच्या तीन सभा झाल्या. तेच वीस फूट दोघांच्या नावावर चढवता येत नाहीत, असं ठरलं. एलवुड हॉस्टेटर : फेरी पूर्ण (बत्तीस वर्षे, नऊ दिवस). व्हर्ना हॉस्टेटर : वीस फूट अपूर्ण. त्या संध्याकाळी तिने खिशावर बिल्ला शिवला, दोरा दातांनी तोडला आणि जाकीट पुन्हा दाराआड लावलं.

मंडळाच्या कारभाराला वाचक हसले असतील, तर नोंद घेतली आहे. फक्त एवढं आठवून पाहावं : आपल्यापायी कोणाची फेरी कधी वीस फूट राहिली, आणि त्या दिवशी आपण सावली बघून गाडी कुठे लावली होती. आठवलं तर लवकर निघावं. खांब जागेवर असेलच, अशी हमी मंडळ देत नाही.