अपेक्षित फायदे

पडेगावच्या एका शाळेच्या गच्चीवरून दौलताबादचा किल्ला स्वच्छ दिसतो. नववीच्या सदतीस मुलांपैकी एकतीस जणांनी तो गच्चीवरूनच पाहिला होता. दहावीला सहल नसते, कारण दहावीत शिकायचं असतं. म्हणून यंदा त्यांना किल्ल्यावर न्यायचंच, असं वर्गशिक्षिका शैलाबाईंनी ठरवलं आणि रीतसर अर्ज केला.

सोबत अपेक्षित फायद्यांची यादी हवी होती. बाईंनी ती मनापासून लिहिली. मुलं स्वतःच्या पायांनी चढतील, दमतील, एकमेकांना हात देतील, खंदक किती खोल ते वाकून बघतील. बघता बघता चौदा फायदे झाले.

तालुक्याच्या शिक्षण कार्यालयातल्या पुंजाराम कारकुनांनी यादी वाचून चष्मा कपाळावर सरकवला.

"बाई, हे 'अपेक्षित' काढा. अपेक्षित म्हंजे अंदाज. अंदाजावर साहेब सही करत नाय. अन् 'चढतील, दमतील' बी नाय चालत. पक्कं लिहा. चढले, दमले."

"पुंजारामभाऊ, मुलं अजून गेलीच नाहीत."

"जायाचंय ना? मग लिहा."

बाईंनी तिथंच उभ्या उभ्या, त्यांच्याच पेनानं, भविष्यकाळाचा भूतकाळ केला.

आठ दिवसांनी उत्तर आलं. सहलीचे चौदाही फायदे विद्यार्थ्यांस प्राप्त झाल्याचे यादीवरून दिसून येते, सबब सहलीचे प्रयोजन उरत नाही. जागेवरून न हलता शंभर टक्के फलनिष्पत्ती साधल्याबद्दल शाळेचं अभिनंदनही होतं. मुख्याध्यापक तात्यासाहेबांनी पत्राला चौकट करून घेतली. पुढं ही पद्धत तालुक्याला शिकवायचं काम बाईंकडेच आलं, आणि 'निसर्गाच्या सान्निध्यात शिक्षण' या विषयावर त्या एका बंद सभागृहात तीन तास बोलल्या.

त्यानंतरच्या रविवारी, घरोघरी सांगून पण अर्जबिर्ज न करता, बाई सदतीसही मुलांना एसटीनं किल्ल्यावर घेऊन गेल्या. मुलं चढली, लई दमली, अंधाऱ्या भुयारात एकमेकांचे हात धरून खिदळली. वर पोचल्यावर भानुमती नावाची मुलगी खाली बघत राहिली.

"बाई, एवढा अवघड किल्ला, मग तो शत्रूला मिळाला कसा?"

"तूच शोध," बाई म्हणाल्या.

चौथ्या दिवशी नोटीस आली. एकदा घेतलेले फायदे विनापरवाना पुन्हा का घेतले, याचा खुलासा करावा. सोबत तक्रारअर्ज होता. पुंजारामांचा असेल, असं बाईंना वाटलं. तो पालकांचा निघाला. मुलं सहलीहून आल्यापासून घरात प्रत्येक गोष्टीला 'कशावरून?' विचारतात, आणि हा फायदा मंजूर यादीत नव्हता.

अर्जाखाली तेवीस सह्या आहेत. सर्व सुवाच्य. त्यांत आपली तर नाही ना, तपासून घ्यावी.