बारा हजार बाळंतपणं

मेट्रनबाई खोटं बोलल्या नव्हत्या. परदेशात समुद्री कासवांच्या रक्षणासाठी स्वयंसेवक हवे होते. अर्ज भरताना भाचीने विचारलं, "मावशी, अनुभव काय लिहू?"

"खरं ते लिही की. तेहतीस वर्षं, बारा हजार बाळंतपणं."

भाचीने तसंच लिहिलं. कुणाची बाळंतपणं, असा रकानाच अर्जात नव्हता.

विमान, बस आणि शेवटी होडी करून बाई किनाऱ्यावरच्या लाकडी कचेरीत पोचल्या, तेव्हा प्रकल्पाचे प्रमुख टोपी काढून दारात उभे. "बारा हजार! मी जन्मात चारशे पाहिलीत."

"पुरुष माणसाला चारशे म्हणजे पुष्कळच," बाई कौतुकाने म्हणाल्या. "पायाळू किती?"

हा प्रश्न प्रमुखांनी वहीत उतरवून घेतला.

आतल्या दारावर 'मुख्य कासवतज्ज्ञ' अशी नवी कोरी पाटी होती आणि खाली बाईंचं नाव. किनारा झाडायला, कचरा वेचायला म्हणून त्या आल्या होत्या! चहा घेताना सगळं सांगून टाकू, असं त्यांनी ठरवलं. कप ओठांना लावतात तोच निरोप आला: भर दुपारी, हॉटेलसमोरच कासवीण वर आली आहे.

सगळे धावले. पाहतात तर ऐंशीएक माणसांचा गराडा. मोबाइल, छत्र्या, गलका. बिचारी अर्ध्या वाळूतून समुद्राकडे वळलेली.

"परत गेली तर अंडी पाण्यात वाया जातील," प्रमुख बाईंकडे वळले. "बाई, आता?"

कासव या प्राण्याला बाई पहिल्यांदाच पाहत होत्या. पण त्यांची नजर कासवावर नव्हतीच, ती गर्दीवर होती. आणि ही गर्दी त्यांच्या चांगली ओळखीची होती. एक फोटो काढणारा, एक फुकटचे सल्ले देणारी आणि दर मिनिटाला "झालं का?" विचारणारा एक.

बाईंनी कमरेवर हात ठेवले.

"ए चष्मेवाल्या! बाईमाणूस अडलंय आणि फोटो कसले काढतोस? व्हा मागे! आजी, तुम्ही पण!"

घाईत त्या मातृभाषेतच ओरडल्या. शब्द एकालाही कळला नाही, अर्थ ऐंशीच्या ऐंशी जणांना कळला. माणसं सटासट मागे सरकली.

हॉटेलचा मालक तावातावाने आला. "हे माझे पाहुणे आहेत!"

"मग त्यांना सावलीत बसवा, पाणी द्या," बाई आता त्याला समजेल अशा भाषेत म्हणाल्या. "आणि त्या खुर्च्या उचला. तिच्या वाटेत आहेत."

मालकाने स्वतःच्या हाताने चाळीस खुर्च्या उचलल्या. का, ते त्याला नंतरही सांगता आलं नाही.

किनारा चिडीचूप झाला. कासवीण थबकली. मग हळूहळू वळली, वर आली आणि खड्डा खणू लागली. अंडी पडू लागली तशा तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"ते शरीरातलं जादा मीठ असतं," प्रमुख कुजबुजले.

"तुम्हाला विचारलंय कुणी?" बाईंनी डोळे पुसले आणि मोजणी चालू ठेवली. एकशे तेरा. "झालं गं बाई. सुटलीस."

खड्डा बुजवून ती लाटेत शिरली आणि किनाऱ्यावर एकच जल्लोष उसळला. चष्मेवाला मालकाच्या गळ्यात पडून रडत होता. लोकांनी बाईंना खांद्यावर घ्यायचं ठरवलं, पण विचारायची हिंमत कुणाला झाली नाही.

गर्दी पांगल्यावर बाईंनी प्रमुखांना बाजूला घेतलं. "साहेब, कासव मी आजच पाहिलं. माझी बाळंतपणं बायकांची. पाटी काढा."

प्रमुखांनी विचारलं, "म्हणजे... माणसांची?"

"हो."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "माझ्या बायकोला नववा लागलाय. घरात आई, सासूबाई आणि तीन आत्या मुक्कामाला आहेत. चोवीस तास तिच्या उशाशी. हलत नाहीत हो!"

"घर कुठं आहे?" बाईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता चालू पडल्या.