दिव्यापुरती चोरी

आमच्या गल्लीत चोरी होत नाही, ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे हे मला या वयापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मी शाळेत फार गेले नाही. जेवढी गेले तेवढ्यात चोरी करू नये असंच शिकवलं होतं. पुढच्या इयत्तांत काही वेगळं शिकवत असतील तर मला ठाऊक नाही.

झालं असं. गल्लीच्या तोंडाशी खांब आहे. त्यावरचा दिवा जळाला, दुसरा आणतो म्हणून कचेरीची माणसं जुना काढून घेऊन गेली, ती गेलीच. खांबाखाली खड्डा आहे. माझी सून दवाखान्यात नर्स आहे. ड्युटी संपवून अंधारात घरी येताना ती त्या खड्ड्यात पडली. पाय सुजून भोपळा झाला आणि स्वयंपाकघर परत माझ्या गळ्यात आलं. माझ्या सुनेला मी येता जाता बोलते, ते घरातलं आहे. तिला पाडायचा अधिकार खड्ड्याला कुणी दिला? पुन्हा ड्युटीवर जायच्या आत दिवा लावते, असं मी तिला सांगून टाकलं. मी सांगितलं की ते होतं, हे गल्लीला माहीत आहे. कचेरीला माहीत नव्हतं.

दिवे ‘गुन्हे प्रतिबंध विभागा’कडे असतात. उजेड असला की गुन्हे कमी होतात, असं वरच्या कुणीतरी शोधून काढलंय. माझ्या आईलाही ते माहीत होतं, पण तिनं त्याचा विभाग काढला नव्हता. तिथले साहेब माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचे. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि वाईट बातमी सांगताना डॉक्टर काढतात तसा आवाज काढला.

“आजी, तुमची गल्ली शून्यावर आहे. एकही गुन्हा नाही.”

“मी असते ना तिथं.”

“मग दिवा प्रतिबंध कशाला करणार?”

मी सुनेचा पाय सांगितला. तिला कुणी ढकललं होतं का, असं त्यांनी फार आशेनं विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. खड्ड्यात आपणहून पडणं हे गुन्ह्यात बसत नाही म्हणाले. निदान एखादी चोरी तरी हवी.

घरी येऊन मी शिंप्याच्या दुकानात बैठक घेतली. शिंपी, त्याची बायको, रिटायर झालेले मास्तर आणि इस्त्रीवाला, एवढे जमले. अध्यक्ष मी. निवडणूक झाली नाही, खुर्ची एकच होती. चोरी करायची हे ठरायला वेळ लागला नाही, कुणी करायची यावर सगळे छताकडे बघू लागले. शिंप्याचे गुडघे धरलेले. मास्तर चोरी करण्याआधी तिच्यावर बोलत बसले असते. शेवटी मी आमच्या ह्यांना पुढे केलं. हे घरात असून नसल्यासारखे असतात. उठले कधी, गेले कधी, पत्ता लागत नाही. असा गुण इतकी वर्षं घरात वाया चालला होता.

ह्यांनी मास्तरांचं भिंतीवरचं घड्याळ चोरायचं ठरलं, कारण ते बंद होतं. हे भर दुपारी गेले. दारात चपला काढल्या, चहा घेतला, मास्तरांच्या पाठदुखीची चौकशी केली आणि घड्याळ काखेत मारून निघाले. छत्री विसरली म्हणून परत गेले, तेव्हा मास्तरांनी पुन्हा चहा टाकला.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. दुपारच्या चोरीला दिवा देता येत नाही. दुपारी सरकारचा सूर्य असतोच. चोरी अंधारात व्हायला हवी.

मग ह्यांनी घड्याळ परत नेऊन भिंतीला टांगलं आणि अंधार पडल्यावर पुन्हा चोरलं. पण मास्तर राहतात गल्लीच्या तोंडाशी. हे घड्याळ छातीशी धरून निघाले आणि थेट त्याच खड्ड्यात गेले. घड्याळाला काही झालं नाही. ह्यांचा पाय मुरगळला.

घरात आता दोन सुजलेले पाय, आणि पोळ्या लाटायला मी. दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेले ती साहेबांना चार शब्द ऐकवायलाच. पण चोराला खड्ड्यात पडून लागलं, एवढं ऐकल्याबरोबर साहेब खुर्चीतून उठले.

“गुन्हेगाराला इजा झाली? आजी, हे आधी सांगायचं. उद्या हे आमच्यावर शेकेल.”

“सुनेचा पाय मोडायची वेळ आली होती, तेव्हा नाही शेकलं?”

“त्या नागरिक आहेत,” साहेबांनी मला समजावून सांगितलं. “चोराची जबाबदारी आमच्या विभागाची.”

दिवा आला. मोठा, पांढरा, डोळे दिपवणारा. खड्डा तसाच राहिला, कारण तो दुसऱ्या विभागाचा होता, पण आता तो लख्ख दिसू लागला. सून ड्युटीवरून आली आणि खड्ड्याला वळसा घालून घरात शिरली. आल्या आल्या तिनं पदर खोचला आणि माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं. मीही काही बोलले नाही. दोघींच्याही आयुष्यात ही पहिलीच वेळ.

गल्लीनं चोऱ्या बंद केल्या. काम झालं होतं. आणि मग एक दिवस अंधार पडता पडता साहेब स्वतः पेढे घेऊन आल्यासारखे हसत आले, बरोबर शिडी आणि दोन माणसं. म्हणाले, अभिनंदन, तुमच्या गल्लीतला गुन्हा संपला, विभागाचा प्रयोग यशस्वी झाला. आता दिवा गरजू गल्लीला न्यायचा.

सून दारात उभी होती. ती एरवी बोलत नाही, माझ्या घरात तशी संधीही नसते. ती म्हणाली, “साहेब, पेशंट बरा झाला म्हणून आम्ही त्याची औषधं काढून घेतो. पाय नाही काढून घेत.”

साहेबांना ते पटलं, पण पटण्याला त्यांच्याकडे नियम नव्हता. एक माणूस शिडी चढायला लागला. तेवढ्यात शिंप्याची बायको ओरडत बाहेर आली, की तिची इस्त्री चोरीला गेली. इस्त्री माझ्या पदराखाली होती, अजून गरम होती. माणूस शिडीवरून उतरला.

तेव्हापासून आमच्या गल्लीत चोऱ्या वेळच्या वेळी होतात. सुरुवातीला हौसेनं जास्तच व्हायच्या. शिंपीण दळणाला निघाली तरी रस्ताभर सांगायची, आमच्याकडे दोनदा झाली हो. माझ्या घरात मात्र कुणी पाऊल टाकेना. मी दार सताड उघडं ठेवलं, मिक्सर उंबऱ्यावर मांडला. माझ्या घरात चोरण्यासारखं काही नाही, असा अर्थ होतो याचा! शेवटी मी ह्यांना म्हटलं, तुम्हीच चोरा. हे म्हणाले, घरातलं घरात धरत नाहीत, मी साहेबांना विचारून आलोय. मग इस्त्रीवाल्याला धरून समजावलं. त्यानं रात्री मिक्सर नेला आणि सकाळी परत आणून दिला.

“काकू, दुसरं काही असेल तर बघा,” तो म्हणाला. “याचं बटण चिकटतं.”

आता एवढी घाई राहिली नाही. चोऱ्या फार झाल्या तर साहेब गल्लीत पोलीस बसवतील, थांबल्या तर दिवा नेतील. म्हणून बेतानं, आठवड्याला एक. मास्तरांचं तेच घड्याळ घरोघर चोरीला जातं. कुणाकडून कुणी चोरायचं ते मी ठरवते. उशीर झाला तर साहेबांचा फोन येतो, आजी, या आठवड्याची अजून आली नाही, सगळं ठीक आहे ना? परवा सून ड्युटीवरून येताना काखेत घड्याळ घेऊनच आली. आमची पाळी होती. उजेडात ती चोरी इतकी छान दिसत होती की समोरच्या गॅलरीतून दोघांनी हात केला.

शेजारच्या गल्लीतले लोक आम्हाला नावं ठेवतात. त्यांच्याकडे अंधार आहे आणि चारित्र्य आहे. त्यांच्या एका म्हातारीचा हात परवाच मोडला.

तुम्ही हसत असाल. तुमच्या गल्लीत रात्रभर दिवा जळतो, त्याच्या उजेडात तुम्ही हे वाचत असाल आणि म्हणत असाल, आमच्याकडे नाही बाई असं. तर जरा उठा आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा. ते बंद आहे का? आणि ते कुणाचं आहे, हे घरातल्या कुणाला नक्की सांगता येतं का?