शनिवारी दाबलेला रडका चेहरा

आमच्या गावात कुणाचं मन बिघडलं की ते ताळ्यावर आणायचं ठिकाण एकच, माझं स्वयंपाकघर! शाळेत मी फार टिकले नाही, पण माणूस दारात बूट कसे काढतो एवढ्यावरून त्याच्या घरात काय शिजतंय ते मी सांगते. मग कडक कॉफी, वेलदोड्याचे पाव आणि दोन खरमरीत शब्द. झालं, बरा होऊन घरी!

पण आरोग्य केंद्राला ते बघवलं नाही. त्यांनी गावातल्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना काचेच्या पाट्या वाटल्या. ताटाएवढी पाटी. रोज सकाळी तिच्यावर हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चेहरे येतात, आपला असेल तो दाबायचा. आणि शनिवारी म्हणे मंडळ! चार-पाच माणसं आपापल्या घरी बसून पाटीत एकमेकांना मन मोकळं करून दाखवतात.

आणि माझी लेम्पी, शेजारची, जन्माची मैत्रीण, दर शनिवारी माझ्या सौनात, अंगणातल्या वाफेच्या खोलीत, माझ्याशेजारी घाम गाळणारी लेम्पी, त्या पाटीला चिकटली!

"लेम्पी, सौना तापलीय!" मी कुंपणावरून ओरडले.

"आज नाही गं हेल्मी. मंडळ आहे."

"तिथे करता काय?"

"बोलतो."

बोलतात! या बाईचा नवरा गेला तेव्हा ती मला म्हणाली होती, "आता बटाटे कमी लावायला हवेत." बस्स, तेवढंच! आणि आता पाटीतल्या वैनोला, त्या तळ्यापलीकडच्या मेंढीतोंड्या पोस्टमनला, काळीज काढून दाखवते? खिडकीतून मला दिसत होती. हसत होती! मान तिरकी करून! माझ्या पोटात असा जाळ उठला की त्यावर सौना तापली असती.

ठरवलं, हिला परत आणायचीच!

पाटी घेताना प्रत्येकाने जवळच्या माणसाचं नाव दिलेलं असतं. आपण खचलो तर पाटी त्याला कळवते. पाटी मलाही मिळाली होतीच, आणि मी नाव लेम्पीचं दिलं होतं. आता आमच्या गावात सगळे मधलाच चेहरा दाबतात. हसरा दाबला तर मिरवते म्हणतील, पडलेला दाबला तर कुरकुरते म्हणतील. अगदी खालचा, रडका, तो तर कुणी दाबलेलाच नव्हता. शनिवारी मी तोच दाबला. डास चिरडावा तसा, अंगठ्याने!

आता येईल धावत, केस मोकळे सोडून! पण सौना तर तापली होती. बर्चची लाकडं काय फुकट जाळायची? आणि येऊन जाईल कुठे, इथेच येईल. पाटी आणि फोन स्वयंपाकघरात ठेवले, कपडे उतरवले, फळीवर बसले, दगडांवर पाणी ओतलं. सौनात फोन न्यायला मी काय शहरातली आहे?

इकडे पाटीने मला फोन केले. कोण उचलणार? मग लेम्पीला केले. ती मंडळात, फोनचा आवाज बंद! मग पाटीने नर्स सातूला उठवलं, सातूने गावच्या बंबवाल्यांना. बंबवाल्यांचा पुढारी तौनो आला आणि त्याने नव्या कुऱ्हाडीने माझं स्वयंपाकघराचं दार फोडलं. दार उघडं होतं हो! कडी लावतंय कोण आमच्याकडे?

आत मी नाही. सगळी फौज अंगणात आली. सौनाच्या धुराड्यातून धूर. आणि आत माणूस असेल तर सौनाचं दार आमच्याकडे कुणी उघडत नाही, राजा असला तरी! घराचं दार फोडणारा तौनो इथे बोटाच्या टोकाने टकटक करू लागला.

"हेल्मीआजी, जिवंत आहात का?"

"आहे! कोण मेलंय?"

"मग सावकाश होऊ द्या. घाई नाही!"

टॉवेल गुंडाळून, उकडलेल्या खेकड्यासारखी लाल होऊन मी बाहेर आले. समोर बंब, सातू आणि हेल्मेट काढून उभे असलेले बाप्ये. लेम्पी मात्र उशिरा फोन बघून, सगळ्यांच्या मागून, रमतगमत! काखेत पाटी, आणि पाटीतून अख्खं मंडळ मला बघत होतं. वैनोने तर चष्मा पुसून घेतला!

"तू तो चेहरा दाबलास?" लेम्पीने विचारलं.

"बोट घसरलं."

"मासे साफ करताना नाही घसरत!"

"मग धावत का नाही आलीस?"

"तुझ्या सौनाचा धूर दिसत होता खिडकीतून. मरायला टेकलेली बाई सरपण जाळत बसते का?"

बंबवाल्यांनी लेम्पीसाठी भाजलेले पाव संपवले. जाता जाता सातू म्हणाली, "आजी, तो चेहरा दाबला की मंडळात यावंच लागतं. आणि मंडळ आता लेम्पीआजी चालवतात, बरं का!"

तर आता दर शनिवारी लेम्पी माझी असते. पाटीत! जिच्या घराचं धुराडं माझ्या खिडकीतून दिसतं ती मान तिरकी करून विचारते, "हेल्मी, आज कसं वाटतंय तुला?" पहिल्या शनिवारी मी म्हटलं, "बरं." तर ती "छान" म्हणाली आणि वळली वैनोकडे! त्याच्याशी किती वेळ बोलली म्हणून सांगू!

म्हणून आता आठवडाभर दुःखं जमवून ठेवते. गुडघा सांगून संपला, सूनबाई सांगून संपली. या शनिवारसाठी एखादं ठेवणीतलं असेल तुमच्याकडे, तर द्या बाई. वैनोच्या दुःखापेक्षा मोठं पाहिजे.