कोठडीला आतून कडी

कुटुंबाने एकत्र वेळ घालवला पाहिजे, याबद्दल समाजात दुमत नाही. तो नेमका कुठे घालवायचा एवढाच प्रश्न उरला होता, आणि तो सोडवण्याची जबाबदारी शीतगृहांच्या एका मालकांनी आपणहून अंगावर घेतली. आयुष्यभर त्यांनी बटाटे टिकवले होते. आता कुटुंबं टिकवायची, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यासाठी शहराबाहेरच्या माळावर परीकथेतला किल्ला उभा राहणार होता. बुरूज, खंदक, सिंहासन, ड्रॅगन आणि दोन वेळचं जेवण, सगळं एकाच आवारात.

आराखड्याचं काम ज्या आर्किटेक्टबाईंकडे आलं, त्यांना पाच वर्षांची मुलगी होती. मालकांनी त्यांना निवडलं ते याच गुणवत्तेवर. "घरात लहान मूल असलेलं माणूस पाहिजे," ते म्हणाले, "त्याशिवाय कुटुंब म्हणजे काय ते कळत नाही." मग त्यांनी सगळ्या बैठका रविवारी ठेवल्या.

मुलीला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसलेली कोणाच्या पाहण्यात नव्हती. आई किल्ला बांधणार हे कळल्यावर मात्र ती आईच्या टेबलाखाली मुक्कामाला आली आणि तिथून सूचना पाठवू लागली.

"वरच्या बुरुजात एक खाट पाहिजे. मोठी. सगळ्यांची."

"सगळ्यांची म्हणजे कोणाकोणाची?"

"तुझी, बाबांची, माझी. आणि पायाशी ड्रॅगन, म्हणजे पाय गार पडत नाहीत."

"बरं बाई."

"आणि तिथे तुझा लॅपटॉप नाही आणायचा. माझ्या गळ्याची शपथ घे."

आर्किटेक्टबाईंनी टेबलाखाली वाकून तो इवलासा, खडूच्या रंगांनी माखलेला गळा चिमटीत धरला आणि शपथ घेतली. मग त्यांनी आधी खाट काढली, खाटेभोवती बुरूज काढला आणि बुरुजाभोवती उरलेला किल्ला. व्यवसायात ही पद्धत बसत नाही, पण गळा कोणाचा पणाला लागलाय त्यावर पद्धत ठरते.

पहिल्या बैठकीला सुरक्षा अधिकारी आले. गृहस्थ अतिशय सौम्य होते. जगात जे जे आहे ते कोणाच्या ना कोणाच्या डोक्यात पडू शकतं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ड्रॅगनच्या तोंडातून आग निघणार हे ऐकून त्यांनी पाणी मागितलं. आगीऐवजी धूर ठरला. धुराने खोकला होतो म्हणून वाफ ठरली. वाफेने भाजतं म्हणून गार वारा ठरला, आणि सर्दीची मुलं येतील तेव्हा तोही बंद ठेवावा असं ठरलं.

आर्किटेक्टबाईंचे यजमान दातांच्या कवळ्या बनवत. त्यांनी मोठ्या हौसेने ड्रॅगनचा अख्खा जबडा घडवून दिला होता. तो पाहून बैठकीला आलेल्या बालमनतज्ज्ञबाईंनी डोळे मिटून घेतले. दातांमुळे मुलांच्या मनात चावणाऱ्यांविषयी दुरावा निर्माण होतो, असं त्यांचं मत पडलं. 'राक्षस' हा शब्दही त्यांनी बदलून घेतला. त्याऐवजी सर्वत्र 'मोठ्या आवाजाचे काका' असं लिहायचं होतं. जबडा घरी परत आला आणि फ्रिजवर विराजमान झाला. त्यानंतर त्या घरात पाहुण्यांनी आपण होऊन थंड पाणी घेतलं नाही.

शेवटी ड्रॅगन मंजूर झाला तो असा: बोळका, बसलेला, डोक्यावर हेल्मेट, पोटावरून पट्टा, आणि अंगभर मऊ पांघरुणाचं कापड. खंदक आधी घोट्याएवढा झाला, मग निळा गालिचा झाला. गालिच्यात पाय अडकतो म्हणून त्याच्या कडेने कठडा आला. आता कोणाला बुडायचंच असेल तर त्याला कठडा ओलांडून गालिच्यावर स्वतःच आडवं व्हावं लागणार होतं.

मग चर्चा खाटेवर आली.

"एका खाटेवर तिघं," सुरक्षा अधिकारी हळूच म्हणाले, "म्हणजे सहा पाय. लाथ लागायची शक्यता नाकारता येत नाही."

"आमच्याकडे रोज लागते," आर्किटेक्टबाई म्हणाल्या.

"आणि तुम्ही काय उपाय केलात?"

"उलट बाजूला सरकतो."

"म्हणजे कडेला. म्हणजे पडणार." ते व्यथित झाले.

खाटेला मध्ये कठडे बसले. कठड्यांमुळे तिच्या तीन खाटा झाल्या. तिन्हींमधून जायला यायला वाट लागते, म्हणून त्या लांब गेल्या. आर्किटेक्टबाई प्रत्येक बैठकीत हात जोडून, हुज्जत घालून, कधी चक्क डोळ्यांत पाणी आणून त्या परत जवळ आणत, आणि पुढच्या रविवारी त्या पुन्हा लांब गेलेल्या असत.

सबंध किल्ल्यात एकच गोष्ट विनातक्रार पास झाली, ती म्हणजे कोठडी. किल्ला म्हटला की तुरुंग पाहिजेच, असा भिंगरीचा हट्ट होता. कोठडीत एक बाक आणि चार भिंती, दुसरं काहीच नव्हतं. त्यामुळे कोणाच्या डोक्यात पडण्यासारखंही काही नव्हतं. सुरक्षा अधिकाऱ्यांनी एकच दुरुस्ती सुचवली. कोणालाही बाहेरून कोंडणं धोक्याचं, तेव्हा कडी आतून असावी. मुलांच्या हाती मात्र एक भलीमोठी किल्ली द्यायची होती. ती कशालाच लागत नव्हती. "किल्ली हातात असणं महत्त्वाचं," बालमनतज्ज्ञबाई म्हणाल्या, "ती लागते का, हा मोठ्यांचा प्रश्न आहे."

आता मालकांचा एक नियम होता, आणि त्यावर त्यांचा सगळा धंदा उभा होता. आराखडा त्यांना वाचता येत नसे, तशी गरजही कधी पडली नव्हती. कोणतीही गोष्ट बांधण्यापूर्वी ते तिचा प्लायवूडचा नमुना उभा करत, लोकांना आत सोडत, आणि हातात घड्याळ घेऊन कोपऱ्यात स्टुलावर बसत. गिऱ्हाईक जिथे जास्त रेंगाळेल, ते बांधायचं. बाकीचं मोडून टाकायचं.

त्याप्रमाणे एका रिकाम्या शीतगृहात सगळे नमुने उभे राहिले. बुरुजातली खाटही होती, आर्किटेक्टबाईंनी शेवटी पुन्हा जोडून घेतलेली, पण कठड्यांसकट. पहिलं कुटुंब आत आलं. मुलाने सिंहासनावर बसून वडिलांना कैदेची शिक्षा फर्मावली. वडील हसत हसत कोठडीत गेले, कडी लावली, आणि बाहेर आलेच नाहीत.

थोड्या वेळाने त्यांची बायको दारापाशी आली. "अहो, चला ना. ड्रॅगनबरोबर फोटो काढायचाय."

"मी कैदी आहे," आतून आवाज आला. "मला बोलायची परवानगी नाही."

"असं काय करता? शिक्षा तरी किती झालीय?"

"जन्मठेप."

बाईंनी दाराला कान लावला. आतली शांतता त्यांना ऐकू आली असावी, कारण त्यांचा चेहरा एकदम बदलला. त्या सिंहासनाकडे गेल्या आणि गुडघ्यावर बसल्या. "राजेसाहेब, माझ्याही हातून एक गुन्हा घडलाय."

"काय केलंस?"

"तुझं बिस्किट मी खाल्लं."

"केव्हा?"

"तू सांग. केव्हा खाल्लं म्हणजे जास्त शिक्षा होईल?"

संध्याकाळपर्यंत कोठडीसमोर रांग लागली होती. सभ्य, शिकलेली, इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं आपापल्या मुलांपुढे उभी राहून गुन्हे कबूल करत होती. एका आजोबांना त्यांच्या नातीने निर्दोष सोडलं, तर त्यांनी व्यवस्थापनाकडे तक्रार केली. मालकांचं घड्याळ हातातच तापलं.

दुसऱ्या दिवसापासून किल्ला बदलू लागला. सिंहासनाच्या दालनात कोठड्या आल्या. जेवणघराच्या जागी कोठड्या आल्या. ताट दाराखालच्या फटीतून सरकवायची सोय झाली आणि ती अतोनात लोकप्रिय ठरली. ज्यांना कामाशिवाय करमत नाही त्यांच्यासाठी सक्तमजुरीची कोठडी निघाली, तिच्यात टेबल आणि इंटरनेट होतं. ज्यांना काहीच नको त्यांच्यासाठी अंधारकोठडी होती. तिची पाहणी करायला बालमनतज्ज्ञबाई स्वतः आत गेल्या. त्यांचा अहवाल अजून यायचा आहे. सुरक्षा अधिकारीही खूश होते. एका कोठडीत एक माणूस, म्हणजे लाथेचा प्रश्न मुळातच मिटला होता.

"फक्त बुरूज राहिलाय," मालक म्हणाले. "तिथेही कोठड्या घ्या."

"साहेब, ती खाट राहू द्या," आर्किटेक्टबाई म्हणाल्या. "कठड्यांसकट राहू द्या, पण राहू द्या."

"तिच्यावर थांबलं कोण, बाई? मी दिवसभर बसलो होतो. माणसं येतात, खाट बघतात, इंटरनेटचा पासवर्ड विचारतात आणि जातात."

"माझी मुलगी थांबली होती."

"ती झोपली होती. एकटीच. झोपलेलं गिऱ्हाईक आपण धरत नाही."

आर्किटेक्टबाईंनी खूप वाद घातला. घड्याळापुढे त्यांचं काही चाललं नाही, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सुताराने खाट सुटी करून भिंतीला टेकवली.

भिंगरी खाली, हेल्मेटवाल्या ड्रॅगनच्या पाठीवर बसून आईची वाट पाहत होती. तिला सांगावं तर लागणारच होतं. पण त्याआधी एका कोठडीची कडी नीट लागते की नाही हे तपासणं आवश्यक आहे, असं आर्किटेक्टबाईंच्या अचानक लक्षात आलं. त्या आत गेल्या. कडी नीट लागली. तरी खात्री करून घ्यावी म्हणून त्या बाकावर बसल्या.

आणि मग त्यांना कळलं. इथे कोणी 'आई' म्हणत नव्हतं, कोणी 'बाई' म्हणत नव्हतं. कोणाला शू लागलेली नव्हती. भिंतींना काही नको होतं. त्यांनी डोकं मागे टेकलं आणि किती वर्षांनी कोण जाणे, एक विचार सुरू करून तो शेवटपर्यंत नेला. तो विचार फारसा चांगला नव्हता, पण पूर्ण होता. त्या दुसऱ्याकडे वळणार एवढ्यात दारावर टकटक झाली.

त्यांनी श्वास रोखून धरला. वाटलं, फक्त दोन मिनिटं. तिला काय कळणार आहे, आत कोणी नाही असंच वाटेल.

"आई, तुझी चप्पल बाहेर आहे."

त्यांनी पाय बाकावर ओढून घेतले.

"तू काय गुन्हा केलास?"

आर्किटेक्टबाईंनी कडीकडे पाहिलं. ती त्यांनीच निवडली होती. गुळगुळीत, आवाज न करणारी. "मी तुझी खाट मोडली," त्या दाराकडे तोंड करून म्हणाल्या. "म्हणजे, मला ती वाचवता आली नाही."



"मग तुला शिक्षा पाहिजेच."

"हो."

"एकटीला बसवत नाहीये का तुला? मी येऊ शिक्षेला?"

कडी आवाज न करता निघाली.

यजमान दोघींना न्यायला आले तेव्हा मायलेकी त्या वीतभर बाकावर एकमेकींत गुरफटून पडल्या होत्या. "सरका जरा," एवढंच ते म्हणाले. त्यांच्यासाठी जागा नव्हती, तरी ते मावले. फक्त पाय दाराबाहेर राहिले, आणि त्यामुळे दार लागेना. पाय गार पडतात म्हणून भिंगरीने उठून पट्टा धरून ड्रॅगनला ओढत आणलं.

"अरे, पाय आत घेताना लाथ मारतोयस," आर्किटेक्टबाई यजमानांना म्हणाल्या.

"मी नाही. ड्रॅगन," यजमान म्हणाले.

"ड्रॅगनने हेल्मेट घातलंय," भिंगरीने समजूत घातली, "त्याला काही होत नाही."

मालक कुलूप लावायला आले आणि थबकले. त्यांनी स्टूल ओढलं आणि सवयीने घड्याळ काढलं. घड्याळ चालत राहिलं. आतून कोणी बाहेर यायची चिन्हं नव्हती. या मुक्कामापुढे जन्मठेपवाल्या गृहस्थांचा मुक्काम म्हणजे धावती भेट होती. नियम तो नियम. सुरक्षा अधिकाऱ्यांचे डोळे पांढरे झाले तरी बुरुजातल्या सगळ्या कोठड्या रद्द झाल्या, आणि तिथे 'संयुक्त कोठडी' मंजूर झाली: एक खाट, तीही बिनकठड्यांची, पायाशी ड्रॅगन, आणि दाराला कडी नाही.

किल्ला सुरू होऊन आता बरेच दिवस झाले. माळावर मोटारींची रीघ लागते. सगळ्या कोठड्या कायम भरलेल्या असतात, शिक्षा वाढवून मागणाऱ्यांसाठी वेगळी खिडकी उघडावी लागली आहे. संयुक्त कोठडी मात्र अजून कोणी मागितलेली नाही. ती रिकामी आहे असंही नाही. निरनिराळ्या घरांतली मुलं तिथल्या खाटेवर दाटीवाटीने बसलेली असतात, दाराकडे तोंड करून, प्रत्येकाच्या मांडीवर एक मोठी किल्ली. मालक रोज घड्याळ लावतात. मुलं फार वेळ रेंगाळतात, पण शिक्षा भोगायला आलेलं गिऱ्हाईक ती नव्हेत, त्यामुळे त्यांना कशात धरावं हे अजून ठरलेलं नाही.

असे पालक असतात तरी कसे, असं म्हणून आपण मान हलवली असेल. ते साहजिकच आहे. मात्र आपण ज्या खोलीत, किंवा न्हाणीघरात, हे वाचायला बसला आहात, तिची कडी एकदा पाहून घ्यावी. बाहेर मघापासून कोणीतरी उभं आहे, आणि आपली चप्पल त्याला दिसलेली आहे.