खानावळवालीची उपाशी सून

चिमणाबाईंनी आयुष्यात एकदाच गप्प बसायचं ठरवलं, आणि त्यातनं एवढा राडा झाला की पुन्हा कुणी त्यांना गप्प बसा म्हणायच्या भानगडीत पडलं नाही.

तसा त्यांचा आणि गप्प बसण्याचा संबंध कधी आला नव्हता. शिक्षण चौथीपर्यंत (तेही मास्तरांनी वर्गात शांतता हवी म्हणून पुढं ढकलत नेलेलं), पण नवरा गेल्यावर एकटीच्या जिवावर वीस वर्षं खानावळ चालवलेली. बाहेर पाटी नाही, आत मेनूकार्ड नाही. बसलं की ताट येतं. मटण, तांबडा, पांढरा, भाकरी. एकदा एका पुण्याकडच्या पावण्यानं जरा कमी तिखट मिळेल का असं विचारलं, तर बाईंनी त्याच्यापुढचं ताट उचललं आणि शेजारच्या गिऱ्हाइकापुढं ठेवलं. शेजारच्यानं तेही खाल्लं. कांदा-लसूण मसाला हा त्यांचा जीव की प्राण. वरणात मसाला, उसळीत मसाला, कोशिंबिरीवर मसाला. चहा तेवढा वाचला होता.

अशा घरात गडहिंग्लजची अक्षता सून म्हणून आली. बी.कॉम. झालेली, हळू बोलणारी, वाकून चालणारी. वर्षभरात दिवस गेले. तिसरा महिना लागला आणि एका सकाळी तिनं कट्ट्यावर एक पातळसं पुस्तक ठेवलं. 'कच्चा आहार, पक्की तब्येत'. कुठल्याशा हॉलमध्ये व्याख्यान होतं, तिथं फुकट वाटत होते.

"आत्ती, आजपासून मी विस्तवावरचं काही खाणार नाही. बाळाच्या तब्येतीसाठी. दूध-तूप, मटण-अंडी, काहीच नाही."

भाकरी थापणाऱ्या दोघी बायका थापायच्या थांबल्या. आता छप्पर उडणार म्हणून त्यांनी परातीसुद्धा जवळ ओढल्या. पण झालं काय होतं, आदल्याच दिवशी बचत गटाच्या मीटिंगमध्ये कुणीतरी बोललं होतं की, चिमणाबाईच्या हाताखाली सून टिकली तर मिशी काढीन. (बोलणारी बाई होती, तरी बोलली.) ते बाईंच्या मनाला लागलेलं. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं."

पृथ्वीराज, म्हणजे त्यांचा मुलगा, एमआयडीसीत सुपरवायझर. तो डबा भरून निघाला होता. हे 'बरं' ऐकून तो परत आत आला आणि आईच्या कपाळाला हात लावून बघितला.

गप्प बसायचं ठरवलं म्हणजे विचारायचंही नाही असं थोडंच आहे. त्या दिवसापासून बाईंनी पुस्तकाच्या कायद्यात फटी शोधायला सुरुवात केली. संध्याकाळी सुनेला घेऊन कोपऱ्यावरच्या दूध कट्ट्यावर गेल्या. म्हैस समोर उभी, धार समोर काढलेली, ग्लासात फेस आलेला. म्हणाल्या, ह्याला कुठं विस्तव लागलाय, बघ तूच. अक्षता म्हणाली, जनावराचं चालत नाही. मग गूळ काढला. तर तो काहिलीत उकळलेला म्हणून बाद. कोल्हापुरात राहून गूळ बाद. मध आणला, तर माशी जनावरात धरली जाते असं कळलं. तेव्हा बाईंचा धीर सुटला. "मग पाणीबी पिऊ नको बाई. त्यात मासं असत्यात."

शेवटी ताटात काय उरलं, तर काकडी, गाजर, मोड आलेले मूग, भिजवलेले शेंगदाणे, ओलं खोबरं. ते बघून बाईंना रडू यायचं. बैलासमोरसुद्धा पेंड जरा कालवून ठेवतात. त्यांनी मसाल्याची बरणी उचलली, निदान वरनं चिमूटभर टाकावा म्हणून. तर अक्षतानं ताटावर दोन्ही हात आडवे धरले. "मसाला भाजलेला असतो ना, आत्ती." हे मात्र तिनं इतक्या घाईनं सांगितलं की बाईंना वाटलं, पोरगी तत्त्वाची पक्की आहे.

ते ताट स्वयंपाकघरातनं माडीवर जायचं तर वाट जेवणाऱ्यांच्या मधनं. हंबीरराव म्हणजे एसटीतनं रिटायर झालेले ड्रायव्हर. वीस वर्षं त्याच कोपऱ्यात बसून दुपारचं जेवायचे. त्यांनी पहिल्या दिवशी बघितलं, दुसऱ्या दिवशी बघितलं, तिसऱ्या दिवशी भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवता बुडवता विचारलं, की मावशी, हे कुणाला? बाईंनी खरं सांगितलं, सुनेला. हंबीररावांनी तुकडा बुडवलेला तसाच धरला.

"म्हंजे घरची सून हितलं खात न्हाय?"

खानावळीच्या धंद्यात ह्याच्याइतका वाईट प्रश्न नाही. मालकाच्या घरचं माणूस जिथं जेवतं तिथं डोळे झाकून बसावं, ही कोल्हापुरातली रीत. आणि हंबीररावांच्या तोंडून निघालेली गोष्ट म्हणजे एसटीच, प्रत्येक स्टॉपला थांबून पुढं जाते. आठवड्यात गल्लीत झालं की, सुनेनं म्हणे आत काहीतरी बघितलं. पंधरा दिवसांत झालं की, मटण जुनं असतं. महिन्यात हातकणंगल्याहून आलेल्या एका पावण्यानं बसायच्या आधी विचारलं, "सूनबाई जेवल्या काय हो?"

बाकं रिकामी दिसायला लागली. वीस वर्षांचं नाव, आणि ते पोरीच्या एका गाजरापायी चाललेलं. पण बाई सुनेला बोलल्या नाहीत, आणि चोरून तिच्या मुगात काही मिसळलंही नाही. फसवून खायला घालायचं त्यांच्यात बसत नव्हतं. जेवणारानं मागून खाल्लं पाहिजे. म्हणून त्यांनी ठरवलं, मागायलाच लावायचं. मसाला भाजायची शेगडी मागच्या पडवीतनं उचलून बरोबर अक्षताच्या खिडकीखाली आणली. खोबरं, तीळ, लसूण, मिरची. असा खमंग धूर काढला की पलीकडच्या रशिदाच्या घरात सगळी शिंकायला लागली. वर खिडकीत अक्षता आली, तोंडाला पदर लावला आणि मोरीकडं पळाली.

"बघितलंस?" बाई भिंतीवरनं रशिदाला म्हणाल्या. "तोंडाला पाणी सुटलंय पोरीच्या. पर हट्ट."

रशिदाचं म्हणणं पडलं की, चार बाळंतपणं झाली माझी, पाणी सुटलेलं माणूस मोरीकडं पळत नसतं. पण बाईंना तेव्हा कुणाचं ऐकायचं नव्हतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी मिरच्या वाढवल्या.

बाळंतपण माहेरी व्हायचं, पण अक्षताच्या वहिनीचंही त्याच महिन्यात होतं. एका घरात दोन बाजा नकोत म्हणून इथंच करायचं ठरलं. सातव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि भुवया वर केल्या. लोहाच्या गोळ्या दिल्या, इंजेक्शनं दिली, डाळ-भात, भाज्या, उसळी व्यवस्थित शिजवून खा असं बजावलं. अक्षतानं गोळ्या मुकाट्यानं घेतल्या, पण ताट काही बदललं नाही. बाई विचार करत राहिल्या, की गोळी तर कारखान्यात भट्टीवर केलेली, ती कशी चालती? पण सुनेला विचारायची सोय नव्हती, कारण गप्प बसलेल्या होत्या.

मुलगी झाली. दोन किलो दोनशे. पृथ्वीराजनं पेढे वाटले, आणि बायकोला पेढा चालत नाही म्हणून तिच्या वाट्याचेही स्वतःच खाल्ले.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई वॉर्डात आल्या. बाळाचं वजन बघितलं, आईच्या पापण्या खाली ओढून डोळे बघितले, आणि डबा घेऊन आलेल्या चिमणाबाईंना सगळ्या खाटांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आजी, घरात सुनेला खायला घालत नाही का? बाळाला दूध कुठनं येणार?"

आजूबाजूच्या आठही खाटांवरच्या बायका आणि त्यांच्या आया वळून बघायला लागल्या. त्यातल्या एकीनं तर ओळखलंच. "अगं, ह्या त्या मटणाच्या खानावळीवाल्या न्हवं?" रोज सत्तर माणसांना वाढणारी बाई, आणि सून उपाशी. चिमणाबाईंना वाटलं, फरशी दुभंगावी. ती दुभंगेना, म्हणून त्या डॉक्टरीणबाईंच्या मागं केबिनमध्ये गेल्या. तिथं बाळाच्या काळजीचं सगळं तपशिलात ऐकलं. बाळाचं नाक त्यांच्या नवऱ्यासारखं होतं, आणि ते नाक मोठं व्हायला अंगावर मांस चढायला हवं होतं. आता गप्प बसणं पुरे झालं म्हणून पदर खोचून त्या वॉर्डात परत आल्या.

तर खाटेवर अक्षता बसलेली. मांडीवर स्टीलची वाटी. वाटीतनं वाफ येतेय. मुगाची खिचडी, पिवळी, मऊ, वर तुपाची धार. दवाखान्याच्या मागच्या खोलीत पेशंटांसाठी रांधणाऱ्या शालूबाई पातेलं आणि वाटी घेऊन शेजारच्या खाटेकडं चालल्या होत्या, ती वाटी अक्षतानं मधेच मागून घेतली होती. आणि ती अशी खात होती की वाटीसुद्धा खाईल असं वाटावं.

"ही काय कच्ची हाय?" चिमणाबाईंनी विचारलं.

अक्षतानं आधी घास गिळला. "नाही."

"आन ते वरचं तूप? ते काय काकडीचं हाय?"

"नाही, आत्ती."

"मग तुझं ते पुस्तक?"

"पुस्तक मी अर्धंच वाचलंय." आणि पोरगी रडायलाच लागली. रडत रडत खात राहिली. "मला तुमच्या रश्श्याचा वास सोसायचा नाही. तिसऱ्या महिन्यापासून. घरात सगळ्यात मसाला. पाचव्यात जातं म्हणतात, माझं गेलंच नाही. तुम्हाला कसं सांगायचं? व्याख्यानाला मैत्रिणीनं नेलं, तिथं हे कळलं. म्हटलं, बरं झालं, असं सांगितलं तर कुणाला राग येणार नाही."

"आन त्यापायी सहा महिनं गाजरं खाल्लीस?"

"गाजरं खाणं सोपं होतं, आत्ती."

शालूबाई पातेलं घेऊन उभ्या. चिमणाबाईंच्या तोंडाशी बरंच काही आलं होतं. लोकांनी बाकं सोडली, भरल्या वॉर्डात इज्जत गेली, खिडकीखाली मिरच्या जाळून स्वतःचे डोळे गेले. पण सुनेचा हात वाटीत होता आणि बोटं काड्यांसारखी दिसत होती. त्यांनी स्वतःच्या हातातला डबा हळूच खाटेखाली सरकवला. (बाळंतपण झालं, आता तरी मागून खाईल म्हणून त्यात पायाचं सूप आणलं होतं, मसाला घालून.) मग शालूबाईंकडं वळल्या.

"आणिक एक वाटी घाला हिला. पातळ करू नका."

घरी आल्यावर बाईंनी जाहीर केलं की, खिचडी काय, मी करीन, चार दाणे शिजवायला काय अक्कल लागते. पहिल्या दिवशी हात सवयीनं बरणीत गेला. खिचडी लाल झाली. दुसऱ्या दिवशी बरणी रशिदाकडं ठेवायला दिली, तर भिंतीवरनं कधी परत मागून घेतली ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. तिसऱ्या दिवशी नुसतं मीठ आणि हळद. तरी अक्षतानं घास तोंडाजवळ नेला आणि परत ठेवला. पातेल्यातच वीस वर्षांचा रस्सा मुरलेला होता. नवीन पातेलं आणलं, तर पळी जुनी. शेवटी बाईंनी हात टेकले आणि शालूबाईंकडं डबा लावला.

खानावळवाली बाई रोज दोनदा दवाखान्यातनं डबा आणते, हे कळलं असतं तर उरलेली बाकंही गेली असती. म्हणून बाई मागच्या बोळातनं जायच्या, पदराखाली डबा झाकून, देवीच्या प्रसादासारखा. वीस-बावीस दिवसांत बाळानं असं अंग धरलं की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, काय घालता ते चालू ठेवा. आजी म्हणाल्या, घरचंच हाय.

आणि एका दुपारी बोळाच्या तोंडाशी हंबीरराव आडवे आले. पदराखाली काय म्हणून त्यांनी विचारलं नाही, ते सरळ पदर बाजूला करणाऱ्यांतले. झाकण उघडलं, वास घेतला, बोट घातलं, चाटलं. मग भिंतीला टेकून डोळे मिटून उभे राहिले. बाईंना वाटलं, अॅटॅक आला.

"मावशी," हंबीरराव डोळे न उघडता म्हणाले, "वीस वर्सं तुमच्यात जेवतोय. वीस वर्सं रात्री छातीत जळजळ घिऊन झोपतोय. बोलायची हिंमत झाली न्हाय. हा डबा मलाबी लावून द्या की."

पुढच्या सोमवारपासून बाई तीन डबे आणायला लागल्या. शालूबाईंनी विचारलं, की एकटी बाळंतीण तीन डबे कशी खाते हो? बाई म्हणाल्या, अंगावर पाजणारी पोर, भूक लागती.

पहिला डबा अक्षताचा. दुसरा हंबीररावांचा, कोपऱ्यातल्या बाकावर, रश्श्याच्या ताटाआड लपवून. तिसरा चिमणाबाई स्वतः खातात. दुपारची पंगत उठली की मागच्या खोलीत, दाराला कडी घालून, भिंतीकडं तोंड करून. त्यात त्या मसाला घालत नाहीत. एकदा चिमूटभर घालून बघितला होता. चव बिघडली.