फियाटचं छत

दादासोंनी फियाटच्या छताला आतून कापड लावायला घेतलं, तेव्हा पाहुणे यायला अजून तासभर अवकाश होता. निदान दादासोंचा तरी तसाच समज होता.

त्यांच्या पत्नी तुळसाबाईंनी सकाळीच बजावलं होतं, "आज त्या गाडीला हात लावू नका. इंदापूरची माणसं पोरीला बघायला यायच्यात."

"अगं, नुसत्या कडा चिकटवायच्यात. त्यांना गाडी दाखवायची का तिचा सापळा?"

गाडी दादासोंच्या वडिलांची. पणदरे गावात आलेली पहिली चारचाकी, असं दादासो सांगत. पंधरा वर्षं ती गोठ्याशेजारी कडब्याआड उभी होती. बारामतीचा कुशनवाला नुसता 'आज येतो, उद्या येतो' करू लागला, तसे दादासो स्वतःच कामाला लागले. फोनवर व्हिडिओ बघायचे आणि गाडी उसवायची. गाडीच्या सीटा ओट्यावर आल्या, दारांची अस्तरं माडीवर गेली, इंजिन गोठ्यात गेलं. दारं आतून उघडायची हँडलं आणि काचा खाली घ्यायच्या मुठी गंज सुटावा म्हणून डिझेलच्या घमेल्यात पडल्या. घरात पाय ठेवायला जागा नव्हती आणि दादासोंचा पाय जमिनीवर नव्हता.

मुलगी स्वरूपा स्कूटीवरून दूध आणायला गेली होती. दादासोंनी गाडीत बसून छताला चिकटवायचं सोल्युशन फासलं, कापड ताणलं आणि पुढची कड दाबली. तशी मागची सुटली. मागची दाबली, तर पुढची डोक्यावर आली.

"तुळसा, जरा ये गं. एक मिनिट."

तुळसाबाई पोह्यांची कढई उतरवून आल्या आणि पुढच्या दारातून आत शिरल्या. सीटच नव्हती, म्हणून पत्र्यावर गुडघे टेकून त्यांनी दोन्ही हातांनी छत धरलं.

"दार ओढून घे. उसाच्या ट्रॅक्टरची धूळ आली तर सोल्युशन धरायचं न्हाय."

त्यांनी कोपरानं दार ओढलं. तेवढ्यात फाटक वाजलं आणि पांढऱ्याशुभ्र कपड्यातले एक गृहस्थ अंगणात आले. ते रामभाऊ, मुलाचे वडील. इंदापूरहून लवकर निघून लवकर पोचले होते. मुलगा सुयश चौकात पेढे घ्यायला थांबला होता.

होणारे व्याही समोर उभे आणि दादासोंना नमस्कारालाही छताचा हात सोडता येईना. तुळसाबाईंची अवस्था त्याहून वाईट. पाहुण्यांसमोर पदर सावरावा, तर छत सुटत होतं.

रामभाऊ मात्र गाडीकडे बघतच राहिले. मग मागचं दार उघडून वाकले.

"फियाट? अहो, मी असल्याच गाडीवर शिकलो. भिगवणला मासळी घ्यायला अशीच फियाट घेऊन जायचो. ही मागची कड लोंबतीय की. थांबा, मी धरतो."

"अहो, तुमी कशाला? कपडे..."

तोवर रामभाऊ आत येऊन उलट्या बादलीवर बसलेसुद्धा. हात छताला लावून म्हणाले, "आता?"

"आता दार ओढून घ्या," दादासोंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

दार लागलं. कापड तिन्ही बाजूंनी बसलं. दादासोंना आनंदानं काही सुचेना. एवढ्यात तुळसाबाई म्हणाल्या, "मी चहा ठेवते," आणि त्यांनी एका हातानं दार चाचपलं. "हँडल कुठाय?"

"घमेल्यात."

"आणि घमेलं?"

दादासोंनी काचेतून ओट्याकडे पाहिलं. घमेल्याशेजारीच त्यांचा फोन होता. त्यावरचा माणूस मोठ्यानं सांगत होता की हँडलं सगळ्यात शेवटी काढावीत.

तुळसाबाईंनी नवऱ्याकडे रोखून बघितलं. ही सोयरीक आता मोडली, असं दादासोंनी मनाशी धरलं.

थोड्या वेळानं स्वरूपाची स्कूटी आली. पाठोपाठ पेढ्यांचा पुडा घेऊन सुयशही आला. दोघं गाडीपाशी येऊन आत बघू लागली.

"उघड आधी दार," तुळसाबाई काचेतून ओरडल्या.

स्वरूपाचा हात दारापर्यंत गेला आणि थांबला. "पप्पा, सोल्युशन सुकायला किती वेळ लागतो?"

"अर्धा तास. पण..."

"मग आता उघडलं तर धूळ जाईल की," ती म्हणाली. मग सुयशकडे वळली, "तुम्ही चहा घेणार?"

चहा घेऊन दोघं ओट्यावरच्या गाडीच्या सीटवर बसली. बोलणं आत ऐकू येत नव्हतं, पण सुयश काहीतरी सांगत होता आणि स्वरूपा हसत होती. दादासो काच वाजवायला निघाले, तसा तुळसाबाईंनी त्यांचा हात धरला.

"गप बसा. बोलू द्या त्यांना."

बऱ्याच वेळानं स्वरूपानं दार उघडलं. तिघं अवघडत बाहेर आली. छत ढोलासारखं ताठ बसलं होतं. रामभाऊंच्या पांढऱ्या शर्टावर सोल्युशनचे ठिपके होते, पण चेहरा उजळला होता.

मान चोळत ते म्हणाले, "ठरलं बरं का."

स्वरूपा चपापली. "काय ठरलं?"

"सीटा कॉफी रंगाच्या. तुझे पप्पा लाल म्हणत होते."

"कडेचं पाइपिंग पांढरं," दादासोंनी भर घातली. "पटलं आपल्याला."

तुळसाबाईंनी कपाळावर हात मारला. "एवढा वेळ आत बसून ह्या दोघांनी लग्नाचा विषयसुद्धा काढला न्हाय."

सुयशनं पेढ्यांचा पुडा पुढे केला. "काकू, आमचंही ठरलं."

"वैशाखात," स्वरूपा म्हणाली.

तुळसाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. दादासो मटकन सीटवर बसले. पेढा तोंडात तसाच धरून त्यांनी गाडीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि मग रामभाऊंच्या कानाशी लागले.

"वैशाखापतुर इंजिन बसंल का हो आपल्याच्यानं?"